पाचपेक्षा कमी

सर्वेक्षण निनावी आहे, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.
दुसऱ्या ओळीत विचारलंय : विभाग.
मग वय. मग, इथे किती वर्षं झाली.
सपोर्ट. पन्नाशीच्या पुढे. एकोणीस.
एवढं भरल्यावर
फक्त माझं नाव लिहायचं बाकी राहतं.

बाहेर ताम्पेरेत दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
ही इमारत पूर्वी कापडगिरणी होती.
आईची मावशी इथेच मागावर होती,
उतारवयात तिच्याशी ओरडून बोलावं लागे,
कान मागांनी नेले होते.
आता त्याच दालनात आम्ही कानांवर हेडफोन लावून बसतो
आणि इतकं शांत असतं
की शेजारच्यानं आवंढा गिळला तरी कळतं.

'मी कामाच्या ठिकाणी मोकळेपणानं बोलू शकते.'
एक ते पाच.

आम्ही मुळात कमी बोलणारी माणसं.
सात जण होतो तेव्हा बुधवारी तळघरातला सौना तापायचा.
आधी आम्ही दोघी, मग ते पाच जण,
आणि नंतर ओल्या केसांनी सगळे बाहेरच्या बाकावर,
हातात सॉसेज, मोहरी बोटांना लागलेली.
तिथे एकदा ताउनो म्हणाला,
मला तीन आठवडे झोप नाही.
कुणी काहीच बोललं नाही.
पेन्तीनं आपलं सॉसेज मोडून अर्धं त्याला दिलं
आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळीचा फोन
न विचारता स्वतःच्या खिशात टाकला.
याला कल्चर म्हणतात हे आम्हाला
कंपनी विकली गेल्यावर कळलं.
नव्या मालकांनी भिंतीवर पाच शब्द लावले, पिवळ्या अक्षरांत.
सौनाच्या खोलीला आता फोकस रूम म्हणतात.
आधी बुकिंग करावं लागतं.
दमट दिवसांत तिथे अजून डांबराचा वास येतो,
लोक तक्रार करतात.

मी तीन दिले.
तीन दिलं की कुणी काही विचारत नाही.

'या कंपनीची शिफारस तुम्ही मित्राला कराल का?'

केली होती की.
ताउनोला मीच आणलं होतं, त्याची बोट विकली गेली त्या वर्षी.
फेब्रुवारीत त्याच्या कॅलेंडरात एक चौकोन उगवला,
'छोटीशी गप्पा', पंधरा मिनिटं.
अकराव्या मिनिटाला तो बाहेर आला,
कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसला,
खुर्ची आत सरकवली,
आणि जाताना मला म्हणाला, सव्वीस क्रमांकाची तक्रार बघ,
ती बाई बिचारी दोनदा फोन करून गेलीय.

त्या प्रश्नाशी मी बराच वेळ बसले.
पडद्यानं दोनदा विचारलं, तुम्ही अजून आहात का?

शेवटी एक मोठा रिकामा चौकोन होता : आणखी काही?
त्यात मी सगळं लिहिलं. वाफ, मोहरी, सव्वीस क्रमांक.
भीड न ठेवता लिहिलं. शब्दमर्यादा संपली
तेव्हा पेन्तीचं वाक्य अर्धवट तुटलं.

जानेवारीत निकाल लागले.
सभागृहात मोठ्या पडद्यावर रंगीत पट्ट्या,
विक्री हिरवी, डिझाइन त्याहून हिरवं.
सपोर्टसमोर नुसती आडवी रेघ.
खाली बारीक अक्षरांत तळटीप :
जिथे उत्तरं देणारे पाचपेक्षा कमी,
तिथले निकाल गोपनीयतेसाठी दाखवले जात नाहीत.

आम्ही तिघं उरलो होतो.
तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग कॉफीच्या कट्ट्यावर ऊना आली, चार महिन्यांपूर्वी लागलेली.
कपाटातून निळा मग काढून म्हणाली, हा कुणाचा?
तळाला कपची उडालेली आहे, टाकून देऊ?
थोडं थांबून, आवाज खाली आणून,
तू काय लिहिलं होतंस गं, इर्मेली?

मी दार लोटून घेतलं.
मग तिच्या हातून घेतला,
म्हटलं, बस. आधी कॉफी ओत.